फुलांचं निंदण

पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांचा रंग उडायला लागला, की आमच्याकडे पावसाला उघाड पडते. आठ दिवस, फार तर दहा. दोन महिने ओल्या राहिलेल्या भिंती वाळू लागतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांना तरोट्याची झुडपं फुलून पिवळी होतात, आणि ऊन असं स्वच्छ पडतं की डोळ्यांवर हात धरावा लागतो. मला वर्ध्याला राहायला येऊन पुष्कळ वर्षं झाली. घर सिमेंटचं आहे, मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा आहे. तरी उघाडीचे हे दिवस आले की माझ्या नाकाला एक वास लागतो. ओल्या चुन्यासारखा, पण चुना नव्हे. त्याला एक बोचरी, गोडसर कडा आहे. आता तो वास कुठेच येत नाही. तो मला त्या एका भाद्रपदातून येतो.

मुलांना मी हे कधी सांगितलं नाही. मंदा, माझी थोरली, तिच्या आजारपणाची ही गोष्ट आहे असंही म्हणता येईल. तिलाही नाही.

आमचं गाव देवळीपासून दोन कोस. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आमचे हे देवळीच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सकाळी सायकलनं जायचे, दिवेलागणीला परत यायचे. घरी मी, तीन वर्षांची मंदा आणि सरूबाई.

सरूबाई माझ्या थोरल्या नणंद. आर्वीकडे दिलेल्या होत्या. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी एक दिवस बैलगाडी जुंपून त्यांना माहेरी आणून सोडलं, आणि गाडीवान पाणीही न पिता परत गेला. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्याच. मी त्यांना बाई म्हणायची. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. स्वयंपाकघर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हवाली केलं आणि मग त्यात कधी डोकावल्या नाहीत. मला सुरुवातीला वाटलं, किती मोठं मन. पुढे कळलं की ह्या घरात आपलं म्हणावं असं काही ठेवायचीच त्यांना भीती वाटत होती.

वर्ध्याला एक संस्था होती, तिथं बायकांना हातचे उद्योग शिकवत. ह्यांनी बहिणीला सूतकताई शिकायला पाठवलं. बहीण मधमाश्या पाळायला शिकून आली. दोन महिन्यांनी बाई परतल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर एक लाकडी पेटी होती, रिकामी. मागून त्यांचे गुरुजी आले आणि नाल्याकाठच्या चिंचेच्या ढोलीतलं सातेरी माश्यांचं मोहोळ त्यांनी त्या पेटीत उतरवून दिलं. म्हणजे माश्या कुठून लांबून आणलेल्या नव्हत्या. आमच्याच शिवारातल्या, आमच्याआधीपासूनच्या.

मी घाबरले होते. मंदा रांगत होती तेव्हा. पण बाई पेटीचं झाकण उघडताना मी लांबून पाहिलं, तर त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. तापलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण हळूच काढून पाहावं तशा त्या एकेक चौकट वर उचलत होत्या.

पहिल्या वर्षी श्रावणात पेटी रिकामी झाली. एका दुपारी उचलून पाहतात तर हलकी. आत पोळं तसंच, मध नाही, माशी नाही. बाई पेटीपुढे संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. गुरुजींना पत्र गेलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं, ते मीच वाचून दाखवलं. माशी पळून जात नाही, असं त्यांनी लिहिलं होतं; उपाशी राहिली की घर सोडते. पावसाळ्यात तुमच्या गावात तिला खायला काय आहे, ते आधी पाहा.

बाई खरंच पाहायला गेल्या. दोन दिवस वावरावावरातून हिंडून आल्या. कपाशीची पऱ्हाटी अजून फुलावर नव्हती. तूर लहान होती. बांधांपर्यंत, धुऱ्याधुऱ्यापर्यंत सारं निंदून स्वच्छ केलेलं. परत आल्या, पाय धुतले आणि म्हणाल्या, "कमल, लोकायनं वावर किती साजरं ठेवलं वं. एक फूल नाई ठेवलं."

त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बाईंच्या ओच्यात कायम काहीतरी असे. नाल्याच्या काठाचं कुर्डू, पिवळी तिळवण, रानतुळस, तेरडा, सब्जा, एकदांडीच्या म्हाताऱ्या. जे लोक उपटून धुऱ्यावर फेकत ते ह्या वेचून आणत, उन्हात वाळवत, चोळून बी काढत, आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत पुरचुंड्या बांधत. किडे लागू नयेत म्हणून त्या चुलीच्या वर, धुरात टांगलेल्या असत. भाकरी थापताना मी मान वर केली की डोक्यावर गावभरचं तण लटकत असे.

मृग बसला आणि त्यांनी ते सगळं घरामागच्या सांदवाडीत पेरलं. तिथल्या विहिरीपासून घराच्या मागच्या मातीच्या भिंतीपर्यंतची जागा, जिथं मी भेंडी आणि काकडी लावायचा बेत केला होता. कडेनं तीळ आणि कारळंही टाकलं. गावात हसू झालं. शेजारचे पाटील कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून ह्यांना म्हणाले, "लोकं तन उपटून राह्यले, आन् तुयी बहीण तन पेरून राह्यली. माह्या वावरात आलं तं पाह्यजो मंग!"

ह्यांनी ते मनावर घेतलं नाही. बाईंनीही नाही. मला मात्र लाज वाटली, हे आज कबूल करते. गावच्या गोड्या पाण्याच्या विहिरीवर बायका मला विचारायच्या, आणि मी बाईंची बाजू घेत नसे. हसून पाणी भरून निघून येत असे.

श्रावणाच्या मध्यावर ती जागा फुलली. मी सांदवाडीत चुलीची राख टाकायला गेले आणि राखेचं टोपलं तसंच काखेत धरून उभी राहिले. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तिळवणीचा पिवळा, तेरड्याचा जांभळट रंग, खाली एकदांडीच्या बारीक टिकल्या. एकही फूल देवाला वाहावं किंवा वेणीत माळावं असं नव्हतं. आणि सगळी जागा गुणगुणत होती. पुन्हा चिंचेवरून धरून आणलेल्या माश्यांच्या आता दोन पेट्या होत्या, पण त्यांच्याच माश्या होत्या असं नाही. मुंगीएवढ्या काळ्या माश्या होत्या, दोन रंगांचे भुंगे होते, कमरेला निळे पट्टे असलेली एक जाड माशी होती, ती फुलाला धरून अशी थरथरे की देठ हलायचा.

"हे कोठून आले?" मी विचारलं.

"हे इथलेच हाये," बाई म्हणाल्या. "उपाशी होते, म्हणून दिसत नव्हते."

मागच्या भिंतीला बारीक बारीक भोकं होती. मी दर दिवाळीला ती शेणामातीनं लिंपायची. बाईंनी मला तिथं उभं केलं. थोड्या वेळानं एका भोकातून एक माशी बाहेर आली, मग दुसऱ्यातून दुसरी. एकेक भोक म्हणजे एकेकीचं घर होतं. "इचं पेटीत नाई जमत," बाई म्हणाल्या. "इले एकटीले राह्याचं असते." संध्याकाळी त्यांनी वाळक्या काडीवर ओळीनं झोपलेल्या माश्या दाखवल्या. दातांनी काडी धरून, पाय सोडून, तशाच लटकलेल्या. मंदाला कडेवर घेऊन आम्ही तिघी ते पाहत होतो. मंदा कुजबुजत विचारत होती, "याइची माय कोठं गेली?"

ते पंधरा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मोडतात. मी बाईंच्या हाताखाली काम करायला लागले होते. पहिल्यांदाच त्या घरात आमच्या दोघींचं मिळून काहीतरी होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मंदाला हिव भरलं.

दुपारी चांगली खेळत होती, तिथंच भिंतीला टेकून कापायला लागली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग ताप, असा की हात ठेववेना. मग घाम, आणि मग पोर गळून निजली. दुसऱ्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी, त्याच घटकेला, पुन्हा. आमच्या भागात हे कोणाला नवं नव्हतं. दर पावसाळ्यानंतर गावातली दोनचार पोरं जायची, आणि लोक त्याला मोसम म्हणायचे. देवळीच्या दवाखान्यातून ह्यांनी कोयनेल आणलं. ते इतकं कडू की मंदा वाटी पाहूनच ओकायची. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढल्याचं सांगितलं. पोट टणक झालं होतं, हातपाय काडीसारखे. मी रोज रात्री तिच्या बरगड्यांवर हात ठेवून निजायची. मला दुसरं काही सुचत नव्हतं. फुलं, माश्या, कशाकडेही मान वळवत नव्हते मी.

अशात कोतवालानं दवंडी दिली. हिवतापाच्या औषधाचा फवारा मारायला सरकारी माणसं येणार, घरं रिकामी करून ठेवा, एकही घर सुटणार नाही.

त्या संध्याकाळी बाई ओसरीवर आल्या. ह्यांना म्हणाल्या, "बाबू, थे औषध माशीले लागते. गुरुजीनं सांगतलं होतं. घराच्या भिंतीले मारतीन तं पेट्याइचं काय करू?"

हे पायातले बूट काढत राहिले. घरात मंदाला हिव भरलेलं होतं, तिचं कण्हणं ओसरीपर्यंत ऐकू येत होतं. मी दारात आले आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"बाई, मारू द्या. एक घर सोडलं तर सारे डास तिथंच येतीन म्हणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्या कोठं नाई म्हटलं वं? पोरीच्या पुढं माशी मोठी हाये का मले?" मग जणू स्वतःशीच, "पेट्याचं पाह्यतो मी."

त्यांनी पाहिलं ते असं. पेटी जवळच कुठं हलवली तर माशी जुन्याच जागी परत येते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून फवाऱ्याच्या दिवशी झुंजूमुंजू असतानाच, माश्या बाहेर पडायच्या आधी, त्यांनी पेट्यांच्या दारांना जाळी लावली. एका गड्याच्या मदतीनं दोन्ही पेट्या कावडीनं आमच्या वावरात नेल्या, आंब्याखाली ठेवल्या, वर ओलं पोतं घातलं, आणि दिवसभर पोतं भिजवत तिथंच बसायचं ठरवलं. जाताना मला म्हणाल्या, "मागच्या भिंतीले बाहेरून नका मारू म्हना त्याइले. आतून मारू दे. बाहेरून नको."

"हाव," मी म्हटलं.

आणि तेवढं मी केलं. ते मी खरंच केलं.

माणसं पाच होती. खांद्याला पंप, हातात बादल्या, तोंडाला फडकी. त्यांचा मुकादम डोमाजी नावाचा, चाळिशीचा, पायानं किंचित अधू. त्यानं आधी मंदाकडे पाहिलं. तिला मी अंगणात बाजेवर निजवलं होतं. जवळ जाऊन त्यानं विचारलं, "किती दिवसाचं हाये?" मी सांगितलं. त्यानं तिच्या पोटाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं. "माह्ये दोन गेले यानंच," तो म्हणाला. "तवा हे औषध नव्हतं." आणि तो आत गेला.

असा मन लावून काम करणारा माणूस मी थोडाच पाहिला असेल. मडकी, पीठ, देव, सगळं बाहेर काढायला त्यानं मदत केली. प्रत्येक भिंत वरून खाली, मग पुढची पट्टी, एक बोटभर जागा सुटू नये असं. कोठ्यातसुद्धा बैलांच्या गव्हाणीमागे वाकून. मागच्या भिंतीला बाहेरून मारू नका म्हटल्यावर त्यानं का, असं विचारलं नाही. "बरं," म्हणाला. घरभर ओल्या चुन्यासारखा, बोचरा गोडसर वास सुटला. औषध वाळलं की घरात जा, तो म्हणाला. पोरं भिंतीला टेकली तरी काही होत नाही.

सगळं संपल्यावर त्याची माणसं विहिरीवर हात धुवायला गेली. एका पंपात थोडं औषध उरलं होतं. डोमाजी ते कुठं ओतावं म्हणून इकडेतिकडे पाहत होता.

मी तिथंच उभी होते. समोर तिळाच्या पानांना अळ्या लागलेल्या दिसत होत्या. कुर्डूच्या पानांची चाळण झाली होती. पंधरा दिवस मी तिकडे फिरकले नव्हते, आणि बाईही मंदाच्या उशाशी माझ्याबरोबर जागत होत्या. त्यांच्या झाडांकडे कोणीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बाई तिकडे माझ्या पोरीसाठी उन्हात पोतं भिजवत बसल्या आहेत, आणि आपण त्यांच्यासाठी एवढंही करू नये?

"दादा," मी म्हटलं, "हे झाडाइवर मारता का? अळ्या पडल्या हायेत."

"आमाले हुकूम घराचा हाये, बाई," तो म्हणाला. मग पंप हलवून पाहिला. "पन हे सांडाचंच हाये. आना, मारून देतो."

त्यानं ते फुलांवर मारलं. तसंच, एक बोटभर जागा न सोडता.

आज कोणीही म्हणेल, एवढं कळलं नाही तुला? बाई पेट्या उचलून वावरात नेतात ते कशासाठी? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलं आहे की प्रश्नाचीच धार गेली. मला वाटलं होतं, औषधाचा उडता फवारा माश्यांना लागतो. वाळलं की झालं. पोरं भिंतीला टेकली तरी चालतात, असं तो माणूस नुकतंच सांगून गेला होता. त्याच्याजवळ सरकारचा पंप होता, आणि त्याची दोन मुलं गेली होती. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि खोटं कशाला बोलू, मी खूश झाले होते.

संध्याकाळी बाई आल्या, अंधारायच्या बेतात पेट्या जागेवर ठेवल्या. उन्हानं त्यांचे ओठ फुटले होते. मी त्यांना झाडांचं सांगितलं नाही. सकाळी त्याच पाहतील, अळ्या मेलेल्या दिसतील, आणि विचारतील कमल हे कोणी केलं, अशी मी मनात रचना केली होती.

सकाळी त्यांनी जाळ्या काढल्या. एक दिवस कोंडलेल्या माश्या उसळून बाहेर पडल्या. मंदाला भरवून मी बाहेर आले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. बाई पेटीजवळ उकिडव्या बसून काहीतरी पाहत होत्या.

"दिसलं का, बाई?" मी हसत विचारलं. "अळ्या गेल्या ना?"

"कायच्या अळ्या?"

मी सांगितलं.

त्या उठल्या आणि धावल्या, पंधरा पावलांवर असलेल्या त्या झाडांकडे लुगड्याचा काष्टा धरून धावल्या. मी मागे. जमिनीवर माश्या होत्या. काही पाठीवर पडून गरगरत होत्या, काही पाय झटकत होत्या, काही फुलालाच चिकटून राहिल्या होत्या. ती निळ्या पट्ट्यांची माशी एका पानाखाली होती, तिचे पंख अजून हलत होते. आणि वरून नव्या येत होत्या. पेटीतल्या, भिंतीतल्या, कुठल्या कुठल्या. फुलं तशीच ताजी, उघडी, सुंदर होती. त्यांना काही झालं नव्हतं.

बाईंनी पेट्यांची दारं बंद केली. बाहेर गेलेल्या माश्या दारावर येऊन आपटू लागल्या. मग त्यांनी विहिरीतून पाणी काढायला सुरुवात केली. मी रहाट ओढला, त्यांनी झाडं धुतली. बादलीमागून बादली. पाणी निथळलं की पानावर पांढरट साय तशीच. मग त्या पदर घेऊन हाकलायला लागल्या. कोंबड्या हाकलाव्या तशा. एका बाजूनं हाकलल्या की दुसऱ्या बाजूनं बसत. मीही हाकलू लागले. दोन बाया फुलांमध्ये पदर फडकावत फिरताहेत, हे पाहून भिंतीवरून कोणीतरी हसलं. कोण ते मी पाहिलं नाही.

माणसाला तरी सांगता येतं. अरे, हे खाऊ नको, हे बिघडलंय. तिथं कोणाला सांगणार होतो?

बाई थांबल्या. पदर खांद्यावर घेतला. "विळे आन," म्हणाल्या.

"बाई…"

"दोन आन."

भर बहरातली ती जागा आम्ही कापली. विहिरीच्या बाजूनं त्या, भिंतीच्या बाजूनं मी. वर्षभर ओच्यात वेचून आणलेलं. कापून टाकलेल्या फुलांवरही माश्या बसत होत्या. म्हणून खड्डा खणावा लागला. हिरवं जळेना, गुरांना घालता येईना. टोपली भरून खड्ड्याकडे नेली की टोपलीमागे चार माश्या यायच्या, फुलांबरोबर खड्ड्यात उतरायच्या, आणि बाई माती लोटण्याआधी हातानं त्यांना उडवायच्या. पुन्हा बसल्या की पुन्हा. शेवटी शेवटी त्यांनी उडवणं सोडलं.

काम चालू असताना घरातून मंदाचं रडणं आलं. हिवाचा दिवस होता. मी विळा टाकून गेले. बाई मागे एकट्या राहिल्या.

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी हिवाची वेळ आली, टळली, दुपार कलली, आणि मंदाला ताप आला नाही. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते. औषधानं डास गेले म्हणून, की कोयनेल लागू पडलं म्हणून, मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं, आता तर विचारणार कोणाला? बाई दारात उभ्या होत्या. त्यांना पाहून मी तोंड खाली घातलं.

"हास ना वं," त्या म्हणाल्या. "पोरीचा ताप गेला तं हास."

मी हसले नाही. रडले. त्या आत आल्या आणि मंदाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, एवढंच.

पेट्यांत राणी होती, पण तिच्याभोवती मूठभरच माश्या उरल्या होत्या. एवढ्यांनी घर चालत नाही, असं बाई म्हणाल्या. दसऱ्यापर्यंत एक पेटी थंडावली, दिवाळीच्या आत दुसरी. भिंतीच्या भोकांतून कोणी बाहेर येताना मला दिसलं नाही. त्या दिवाळीला मी ती भिंत लिंपली नाही. तशीच ठेवली.

थंडीच्या सुरुवातीला फवारेवाले दुसऱ्या खेपेला आले. डोमाजीनं मंदाला ओळखलं. ती अंगणात धावत होती. तो पंप खाली ठेवून तिच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "पोट उतरलं वं तुयं!" त्याचे डोळे भरून आले होते. बाईंनी त्याला गुळाचा चहा दिला. त्यानं सांदवाडीकडे पाहून विचारलं, "झाडं काढली काय?"

माझ्या ओठांवर आलं होतं. बाई मध्येच म्हणाल्या, "हाव. मोसम झाला त्याइचा."

तो गेल्यावर मी विचारलं, काऊन नाही सांगितलं त्याला?

"सांगून थो काय करन?" त्या म्हणाल्या. "उद्या फवारा नाई मारन?"

या एका प्रश्नापाशी मी आजवर उभी आहे. फवारा थांबावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या गावातला तो मोसम संपला. पोळ्यानंतर पोरं जाईनाशी झाली. माझी पुढची दोन मुलं हिवाशिवाय वाढली. मी कोणत्या तोंडानं म्हणू, की ती माणसं यायला नको होती? आणि ज्यांचं घर, ज्यांची भूक, ज्यांचं मरण आम्ही दोघींनी पाहिलं, त्यांचं नाव तरी कोणापुढे काढू? लोक म्हणतील, माश्यांचं काय एवढं. मी स्वतःच गावच्या विहिरीवर एकदा तसं हसले होते.

बाई पुढे चाळीसेक वर्षं जगल्या. मंदावर त्यांचा जीव होता. पेट्या त्यांनी गुरुजींकडे परत पाठवल्या. मी एकदा धीर करून म्हटलं होतं, बाई, पुन्हा पेरू या, या वेळी मी सांभाळीन, कोणाला जवळ येऊ देणार नाही.

"घरोघरी औषध हाये, कमल," त्या म्हणाल्या. "जेवाले बलावाचं आन् इख वाढाचं?"

पण पेरलं नाही म्हणून येत नाही, असं तण नसतं. कापताना बी गळालं होतं. पुढच्या मृगात सांदवाडीभर कोंब वर आले. तिळवण, कुर्डू, तेरडा, सगळे. मागच्या वर्षीपेक्षा दाट. भाद्रपदात फवारा यायचा होता. बाई खुरपं घेऊन बसल्या. कळी धरायच्या आत एकेक रोप उपटायचं, असा त्यांनी नेम केला. रोज सकाळी त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. आषाढ गेला, श्रावण गेला. पाटलांनी भिंतीवरून पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं! आता साजरं दिसून राह्यलं." बाईंनी मान हलवली.

फवाऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी विहिरीच्या दगडाआड एक तेरडा सापडला. आमच्या दोघींच्या नजरेतून सुटलेला, चांगला हातभर वाढलेला, सात-आठ फुलं लागलेला. त्यावर एक माशी होती. कोणती ते मी सांगू शकणार नाही, संधिप्रकाश होता. ती एका फुलात शिरली, बाहेर आली, दुसऱ्यात शिरली. बाईंच्या हातात खुरपं होतं. माझ्याही.

"राहू दे आजचा दिवस," बाई म्हणाल्या.

सकाळी मी पाणी भरायला गेले तेव्हा दगडाआड नुसती ओली माती होती, आणि बाई विहिरीच्या काठावर बसून नखांतली माती काढत होत्या. गल्लीच्या तोंडाशी बादल्यांचा आवाज आला. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाल, मडके बाहेर काढू."